मशीनच्या टबाला भोक पडले आहे, काय करावे?



या आठवड्याला तासगाव भागातल्या एका भगिनीचे पत्र घेतो. नाव छापू नका असे तिने लिहिले आहे, म्हणून छापत नाही. पत्र असे :

"दादा, माझ्या भावाने भाऊबीजेला मुंबईहून त्याच्याकडचं जुनं कपडे धुण्याचं मशीन आणून दिलं. धुण्याचा टब पत्र्याचा आहे, वरून पांढरा मुलामा. पिळायचा डबा शेजारी वेगळा. आता टबाच्या बुडाला तीन भोकं पडलीत. एक मसुराएवढं, एक रुपयाएवढं आणि एक कडेला लांबट. मालक म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाक, तू नीट वापरलं नाहीस. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर ओढ्यावर धुतलंच की. नवीन घ्यायचं तर द्राक्षाचे पैसे हाती येईपर्यंत थांबायला पाहिजे, आणि माझी कंबर तोवर थांबत नाही. खालून पाणी गळतं ते मोरीत जातं, त्याचं काही नाही. मशीनला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, म्हणून मी रबरी चप्पल घालूनच धुते. तर भोकं बुजवायला काय लावावं ते कळवावं."

ताई, पत्र मी दोनदा वाचले. भोकांचा इलाज सांगतो, आणि तो पैशाला फार जड नाही. पण तुमच्या पत्रातली खरी बातमी भोकांची नाही. ती मुंग्यांची आहे. ती तुम्ही जाता जाता लिहिली, जणू उन्हात चटके बसतात म्हणून चप्पल घालते इतक्या सहज. म्हणून आधी तिच्याकडे वळतो. भोके आज पडलेली नाहीत, ती आणखी आठ दिवस थांबतील.

हे पत्र हातात आहे तोवर उठा आणि मशीनची पिन भिंतीतून काढून ठेवा. नुसते बटण बंद करून चालत नाही. बटण पुष्कळदा दोन तारांपैकी एकच तोडते, आणि ती कोणती हे घराचे वायरिंग कोणी कसे केले यावर असते. पिन बाहेर काढली की प्रश्न मिटला. हात कोरडे करून काढा.

आता मुंग्या का येतात ते ऐका. टबातून गळणारे पाणी सगळे सरळ मोरीत जात नाही. टबाच्या बुडाखालीच मोटार बसविलेली असते. पाणी आधी बुडाच्या पत्र्यावरून ओघळते, वायरींच्या जोडावर, मोटारीच्या गुंडाळीवर पडते आणि मग मोरीला लागते. त्यात साबण असतो, घामाचे मीठ असते, म्हणजे ते पाणी वीज चांगली वाहून नेणारे. तिथून थोडी वीज मशीनच्या अंगावर उतरते. अर्थिंग ठीक असते तर ती तारेने जमिनीत गेली असती, तुमच्या अंगातून नाही. तुम्हाला मुंग्या येतात याचा अर्थ दोन गोष्टी एकदम बिघडल्या आहेत. वीज अंगावर उतरते आहे, आणि तिला जमिनीत जायला तुमच्याशिवाय वाट नाही.

रबरी चप्पल ही वाट अडविते, पण गळती थांबवीत नाही. चप्पल ओली झाली, पट्टा तुटला, एक हात मशीनवर आणि दुसरा नळावर पडला, की ती काही कामाची नाही. आणि चप्पल फक्त तुमच्या पायात आहे.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. आमच्याच घरी असेच एक मशीन होते. आमची आई लाकडी पाटावर उभी राहून त्यात कपडे घाली. आम्हाला वाटे, मोरीतल्या गारव्याने तिचे पाय दुखतात. कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. ओल्या हाताला असे होतच असेल, हा तिचा समज. एके दिवशी थोरल्या भावाचा चार वर्षांचा मुलगा चेंडू काढायला म्हणून उघड्या पायाने मशीनमागे गेला. दैव बलवत्तर म्हणून तो चिकटला नाही, फेकला गेला. कपाळाला खोक पडली, चार टाके. डॉक्टर खोकेवर औषध लावीत होते आणि आई दाराशी उभी राहून एकच म्हणत होती, "मला माहीत होतं, मला माहीत होतं." आज तो मुलगा कमावता झाला आहे. पण त्या दिवसापासून कोणाच्या घरी मशीनपुढे पाट किंवा फळी दिसली की मी विचारल्याशिवाय राहत नाही.

तर पहिले काम वायरमनचे. त्याला तीन गोष्टी बघायला सांगा.

पहिली, मशीनची पिन तीन काट्यांची आहे का, आणि वरचा जाड काटा जागेवर आहे का. दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून पुष्कळ घरी तो काटा मोडून टाकतात. तो अर्थिंगचा काटा आहे. तो मोडला म्हणजे विहिरीचा कठडा पाडल्यासारखेच.

दुसरी, घराचे अर्थिंग खरोखर जमिनीत पोचते का. जुन्या घरांतून अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असे. तेव्हा पाइप सलग लोखंडी होता, चालून जाई. पुढे नळाचे पाइप प्लॅस्टिकचे झाले. तार अजून तिथेच गुंडाळलेली आहे, पण प्लॅस्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. दिसायला अर्थिंग आहे, कामाला नाही. वाचकांपैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत नळाची लाइन बदलली, त्या सगळ्यांनीच हे बघून घ्यावे. कोळसा-मीठ घालून खड्ड्यात केलेले अर्थिंग असेल, तर उन्हाळ्यात त्यात चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओतावे. कोरड्या जमिनीत वीज नीट मुरत नाही.

तिसरी, मीटरनंतर आरसीसीबी नावाचा खटका बसवून घ्या. पुष्कळ वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. घरात आधीच एमसीबी असेल तर तोच पुरे असे समजू नका. एमसीबी तारा तापू नयेत म्हणून असतो, माणसाला धक्का बसला तर तो पडेलच असे नाही. आरसीसीबी गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ बघत बसतो. मेळ चुकला, म्हणजे वीज कुठेतरी भलतीकडे चालली, की क्षणात पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा मागावा. त्यावर एक लहानसे टेस्टचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे, खटका पडला पाहिजे. खर्च नव्या मशीनच्या मानाने थोडा आहे, आणि तो सगळ्या घराला पुरतो. मात्र एक ध्यानात ठेवा. तो बसविल्यावर मशीन लावताच खटका पडू लागला, तर खटका खराब म्हणून तो काढायला सांगू नका. तो आपले काम करतो आहे. मशीन दुरुस्त करा.

आता भोकांकडे येऊ.

मालक म्हणतात तुम्ही मशीन नीट वापरले नाही. मी ते मशीन पाहिलेले नाही, तेव्हा न्यायनिवाडा करीत नाही. पण तुम्ही द्राक्षाच्या मुलखातल्या आहात म्हणून विचारतो, फवारणीचे कपडे त्या टबात रात्रभर भिजत पडत होते का?

बागायतदारांना हे ठाऊकच आहे. एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण करताना १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना धरतात. फ्रान्समध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने १८८५ साली हे मिश्रण जगापुढे मांडले. तेव्हापासून एक सूचना चालत आली आहे, की मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. का, तर मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि त्या बदल्यात लोखंड पाण्यात उतरते. म्हणून तर मिश्रण जमले की नाही हे पाहायला आपण चकचकीत विळा किंवा चाकू त्यात बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला की समजायचे, मोरचूद मोकळा आहे, चुना कमी पडला. आता जे विळ्याच्या पात्याचे होते तेच टबाच्या पत्र्याचे होणार. मोरचूद सांडलेली विजार रात्रभर टबाच्या बुडाशी पडून राहिली, तर ती तिथे काय करीत असेल ते सांगायला नको. पोटॅशचे तसेच. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, मिठात असते तेच. खत फेकताना कपड्याला लागलेले खत टबात उतरले की गंजाला मिठाची फोडणी मिळते.

आता मुलाम्याचे बघा. हा पांढरा मुलामा म्हणजे रंग नव्हे. ती काच आहे. पत्र्यावर काचेची पूड लावून भट्टीत वितळवून बसवितात, आपल्या जुन्या एनॅमलच्या ताटल्यांसारखी. ही काच आहे तोवर गंज आत येत नाही. पण विजारीच्या खिशात राहिलेला नट, नाणे, बागेतला खडा, चेनचे टोक, असे काही फिरत्या चकतीबरोबर आपटत राहिले की काचेला टवका उडतो. त्या टवक्यातून पाणी आणि हवा पत्र्याला भेटतात. गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो मुलाम्याच्या खाली फुगतो आणि कडेची काच उचलून टाकतो. वरून दिसतो टिकलीएवढा डाग, आणि आत तळहाताएवढा पत्रा खाऊन झालेला असतो. म्हणून सांगतो, तुमची भोके तीन दिसतात म्हणून ती तीनच आहेत असे धरू नका.

पिन काढलेली आहेच. पाण्याची नळी सोडा, टब रिकामा करा. मागचे झाकण उघडताना एक सावधगिरी. मोटारीजवळ एक डबी असते, तिला दोन वायरी लागलेल्या असतात. तिला कपॅसिटर म्हणतात. पिन काढल्यावरही ती काही वेळ वीज धरून ठेवू शकते. तिच्या टोकांना हात लावू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. टब मशीनमधून काढून घेता आला तर फार बरे, पण ते काम मेकॅनिककडून किंवा घरातल्या हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. वायरी कुठे लागल्या होत्या त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमच्या वेळी कागदावर चित्र काढीत असू आणि मग तो कागदच सापडत नसे.

टब साबणाने स्वच्छ धुऊन एक दिवस उन्हात पालथा घाला. मग पेचकसाच्या लाकडी मुठीने सगळ्या बुडावर हलके हलके ठोकत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो. खाल्लेला पत्रा खरबुजासारखा बद आवाज देतो, कधी मूठ आतच जाते. गेली तर जाऊ द्या. जे आज मुठीने फुटले ते उद्या पाण्याने फुटणारच होते. बद आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ मारा. पाणी सोडण्याच्या तोंडाभोवती, जोडाच्या शिवणीवर आणि बूड व भिंत मिळते त्या कडेला जास्त लक्ष द्या, कारण धुणे झाल्यावर थोडे पाणी तिथेच साचून राहते.

रेघ मारल्यावर थांबा आणि बघा. खडूची वर्तुळे एकमेकांत मिसळली असतील, मोटार किंवा पाय ज्या पट्ट्यांना आवळले आहेत त्यांच्या मुळाशी पत्रा गेला असेल, तर ताई, सासूबाईंचे नव्हे पण मालकांचे म्हणणे खरे मानावे लागेल. भाजलेल्या पापडाला ठिगळ लागत नाही.

वर्तुळे सुटी असतील तर पुढे चला. तारेचा ब्रश, कानस आणि खरखरीत पॉलिश पेपर घेऊन भोकाच्या सगळ्या बाजूंनी दोन-दोन बोटे पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत घासा. सुटलेला मुलामा काढून टाका. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडाला फडके असू द्या, काचेचे कण उडतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळी दुरुस्ती यावरच टिकते. लोक दहा मिनिटे घासतात, महागाची लांबी भरतात आणि महिन्याने म्हणतात की माल खोटा निघाला. माल पत्र्याला चिकटतो, गंजाला चिकटला तर गंजाबरोबर सुटून येतो.

खड्ड्याखड्ड्यांतून जो काळपट गंज निघतच नाही, त्यावर गंज मारायचे औषध लावतात. रंगाच्या दुकानात मिळते. काहींत फॉस्फरिक आम्ल असते, काहींत टॅनिन. टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्यात असते तेच. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत असत, ती टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने. गंजाचेही तसेच होऊन तो काळा आणि घट्ट होतो. हिरडा उगाळून लावा असे मात्र मी म्हणत नाही, दुकानातले मोजून केलेले असते. हातमोजे घाला. डबीवर लिहिल्याप्रमाणे वाळू द्या, धुवायला सांगितले असेल तर धुवा आणि पुन्हा कोरडे करा.

मसुराएवढ्या भोकाला बोल्टचा इलाज सगळ्यांत सोपा. भोक कानशीने वाढवीत चांगल्या पत्र्यापर्यंत न्या. स्टेनलेस स्टीलचा, गोल गुळगुळीत डोक्याचा आखूड बोल्ट घ्या. डोके टबाच्या आतून आले पाहिजे, म्हणजे कपडा अडकणार नाही. त्याच्याखाली स्टीलची रुंद चकती आणि तिच्याखाली रबराची चकती, ती थेट पत्र्यावर बसेल. बाहेरून पुन्हा रबर, चकती आणि नट. रबर ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे कापा, सायकलचे पातळ पडते. नट रबर थोडे फुगेल इतकाच आवळा. ताकद दाखविली तर पत्राच वाकतो. आणि पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा ठिगळाला वापरू नका. चांगला दिसतो म्हणून वापरतात, पण ओल्यात तांब्याशेजारी लोखंड ठेवले की लोखंडाला गंज जास्तच चढतो. मोरचुदाचीच गोष्ट, दुसऱ्या रूपात.

रुपयाएवढ्या आणि लांबट भोकाला ठिगळ लागेल. दोन गोळ्या मळून एक करायची ती इपॉक्सीची लांबी, एम-सील म्हणून घरोघर ठाऊक आहे तसली, ती कडा भरायला चांगली. पण नुसत्या तिच्या भरवशावर रुपयाएवढे भोक सोडू नये. इपॉक्सीचे दोन भागांचे पातळ रसायन आणि फायबरची चटई घ्या. तीच चटई गाड्यांच्या फायबरच्या कामाला वापरतात. पण तिथे बहुधा पॉलिएस्टरचे रसायन वापरतात, ते लोखंडाला इपॉक्सीइतके धरीत नाही, म्हणून दुकानात इपॉक्सीचेच मागा. गाडीचे पोचे भरायची डेंटिंगवाल्यांची लांबीही नको, ती पाणी पिते.

घासलेली जागा थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा. रॉकेलने पुसू नका, तेलकट अंश मागे राहतो. पुसताना चूल-शेगडी-विडी जवळ नको, दारे उघडी असावीत. मग दोन्ही भाग सांगितलेल्या मापाने एकत्र करा. दूध आटले तरी बासुंदी होते, पण इथे माप चुकले तर काहीच होत नाही, चिकट राहते ते कायमचे. बाहेरच्या बाजूने पहिला हात द्या, त्यावर भोकापेक्षा सगळीकडून दोन बोटे मोठा चटईचा तुकडा, तो ब्रशने ठोकून ठोकून भिजवा, आतले हवेचे फुगे निघाले पाहिजेत. त्यावर आणखी मोठा दुसरा तुकडा. हे आवळले की टब उलटा करून आतून भोकाचा खळगा लांबीने भरा, ओल्या बोटाने सपाट करा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि वरून इपॉक्सीचा एक पातळ हात सगळ्या खरवडलेल्या जागेवर द्या, उघडा पत्रा कुठे राहता कामा नये. हातमोजे घालूनच करा, काहींच्या कातडीला याने पुरळ येते.

वाळायला घाई करू नका. हाताला कडक लागले म्हणजे आतून झाले असे नव्हे. एक पुरा दिवस तरी द्या, थंडीच्या दिवसांत दोन-तीन द्या. आणि पुढे या टबात उकळते पाणी ओतू नका, घरगुती इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते. कोमट चालेल.

वेल्डिंग करून घेऊ का, असे कोणी विचारील म्हणून आधीच सांगतो. नको. टबाचा पत्रा पातळ, नांगराच्या फाळावर चालणारा वेल्डरचा हात त्याला सोसत नाही, एका भोकाची दोन होतात. शिवाय तापल्यावर मुलाम्याची काच तडतडून उडते. कल्हईवाल्यांचा डाक पाण्याच्या जस्ती बादलीला चालतो, मुलाम्याच्या टबाला तो धरीत नाही. आमच्या वडिलांनी एकदा डांबर लावून पाहिले होते. गळती थांबली. पण त्या वर्षी आषाढीला आमच्या घरातले सगळे वारकरी ठिपक्यांच्या धोतरांत पंढरीला गेले.

एका जागेला मात्र कुठलेही ठिगळ लावायचे नाही, आणि इथे मी ऐकणार नाही. पिळायचा डबा. त्याला चीर गेली, भोक पडले, तर तो बदलायचा, नाहीतर पिळणे बंद करून कपडे हाताने पिळायचे. हिशेबच करून दाखवितो. डबा २२ सेंटिमीटर रुंद धरा आणि मिनिटाला १३०० फेरे. त्याच्या कडेला असलेली वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे २०० पट जोराने बाहेर ओढली जाते. तुमचे २० ग्रॅमचे ठिगळ तिथे ४ किलोच्या जोराने सुटायला बघते, आणि सुटले तर गोफणीतल्या दगडासारखे सुटते. धुण्याचा टब जागेवर उभा असतो म्हणून त्याला ठिगळ चालते. हा फरक ध्यानात असू द्या.

सगळे झाले की विजेशिवाय पाणी भरून बघा. टबाखाली फरशीवर चुलीची चाळलेली कोरडी राख पातळ पसरा, चूल नसेल तर वर्तमानपत्राचे कागद. टब काठापर्यंत भरा आणि तासभर आपल्या कामाला लागा. थेंब पडला असेल तिथे राख काळी पडून खळगा दिसतो. बुडाला ओलावा नुसता हात फिरवून कळत नाही, राख चुकत नाही. राख कोरडी राहिली तरच टब मशीनवर चढवा, मोटार पुरती वाळली आहे हे मेकॅनिककडून बघून घ्या, आणि वायरमन येऊन गेल्याशिवाय पिन लावू नका.

पुढची निगा थोडी आहे. मशीन मोरीच्या फरशीवर टेकवू नका, प्लॅस्टिकच्या स्टँडवर वीतभर उंच ठेवा. मोरी धुवायचे ॲसिड वापराल तेव्हा मशीन झाकून टाका आणि खिडकी उघडा. त्या वाफेनेही पत्रा गंजतो. धुणे झाल्यावर टब फडक्याने पुसून झाकण तासभर उघडे ठेवा. फवारणीचे आणि खताचे कपडे मशीनमध्ये घालूच नका. ते अंगणात वेगळ्या प्लॅस्टिकच्या टबात आधी दोनदा पाण्यातून काढावेत आणि वेगळेच धुवावेत. औषधाचा अंश लेकरांच्या लंगोटांना लागू नये म्हणूनही ते करायचेच आहे. आणि हे काम ताई, तुम्ही करू नका. ज्याने फवारले त्याने आपले कपडे आपण पाण्यातून काढावेत. मालकांना हे पान वाचायला द्या. मी सांगितले म्हणून सांगा.

आणि पत्रा दुरुस्तीपलीकडे गेलेलाच निघाला, तरी टब भंगारात घालायची घाई नको. धारदार कडा ठोकून वळवा, बुडाशी विटांचे तुकडे घाला आणि अंगणात त्यात कढीपत्ता लावा. त्याला बुडाला भोके लागतातच.

वायरमन येऊन गेला की एक कार्ड टाका, किंवा कचेरीत फोनवर निरोप ठेवा. मुंग्या थांबल्या का, ते आधी लिहा. राख कोरडी राहिली का, ते त्याच्याखाली.